नावाची ओळ

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत एक ओळ छापलेली असते. हे पत्र मालक, मुद्रक व प्रकाशक अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून तमुक पत्त्यावर प्रसिद्ध केले, अशा अर्थाची ती ओळ. वाचकाची नजर तेथवर क्वचितच पोचते. हवामान, बाजारभाव, निधनवार्ता आणि शब्दकोडे झाले की घडी पडते आणि पत्र रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. तथापि संपूर्ण अंकात शपथेच्या जवळ जाणारे असे काही असेल, तर ते त्या ओळीतच असते. बातमी चुकू शकते, अग्रलेख पक्षपाती असू शकतो, जाहिरात तर अतिशयोक्ती करणारच. परंतु ही ओळ सांगते की वर जे काही छापले आहे त्याचा जाब विचारायचा असेल, तर या मनुष्याला विचारा.

ही ओळ छापण्याचा पायंडा सद्हेतूने पडला असे मात्र नाही. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखान्यांच्या आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला, तो मुद्रकाला आणि प्रकाशकाला हाताशी ठेवण्यासाठी. कोणाला पकडायचे हे सरकारला आधी ठाऊक हवे होते. स्वातंत्र्यानंतर त्याच कायद्याला वेगळा अर्थ देण्याचा प्रयत्न झाला. १९५६च्या नियमांनुसार दरवर्षी फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे निवेदन छापणे आवश्यक झाले. 'फॉर्म नं. ४, नियम ८ पहा' या मथळ्याची ती रूक्ष चौकट जुन्या वाचकांच्या परिचयाची आहे. त्यात भांडवलाचा एक टक्क्याहून अधिक वाटा ज्यांच्याकडे आहे त्यांचीही नावे द्यावी लागत. सरकारला कोणाला पकडावे हे कळावे म्हणून जी ओळ आली, तिच्या शेजारी आता, आपण कोणाचे ऐकत आहोत हे वाचकाला कळावे म्हणून एक चौकट आली. १ मार्च २०२४ पासून १८६७च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. नावाची ओळ अजून छापली जाते.

नाव घालून लिहिणे ही आमच्या भागात काही नवी गोष्ट नाही. वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वर मंदिरात यादवकालीन मराठी शिलालेख आहेत. त्या काळचे दानलेख ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यांची रीत माहीत आहे: शक, राजाचे नाव, देणाऱ्याचे नाव, काय दिले ते, आणि पुष्कळदा हे मोडील त्याला शाप. सातशे वर्षांनंतरही शब्द कोणाचा हे दगड सांगतो. दैनिकाचे आयुष्य एका दिवसाचे. पण त्या दिवसापुरते त्याच्याकडून एवढेच मागणे अवाजवी ठरू नये.

मला पडलेला प्रश्न असा आहे. छापलेल्या शब्दाची जबाबदारी नेमकी कोणाची? लिहिणाऱ्याची, निवडणाऱ्याची, छापणाऱ्याची, की ज्याच्या पैशाने हे सारे चालते त्याची? आणि ती जबाबदारी, कारखान्याचे शेअर वाटावेत तशी, वाटून घेता येते काय?

हा प्रश्न मला ग्रंथांतून सुचला नाही. वेळापूरच्या एका तरुण वार्ताहराने तो माझ्यापुढे ठेवला. हा गृहस्थ आमच्या ख्रिस्तसभेचा नव्हे. पण ओळखीचा, सरळ स्वभावाचा, आणि तालुक्याच्या वार्ताहराची जी स्थिती असते तीच त्याचीही. मानधन नाममात्र, खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनावर. पुढाऱ्याचा वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन, पतसंस्थेचा वर्धापनदिन हे त्याचे सुगीचे दिवस. सर्वांत मोठी सुगी आषाढात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसहून निघून वेळापूरला मुक्काम करते, पुढे भंडीशेगावकडे जाते. त्या दिवसांत दैनिकांच्या पुरवण्या निघतात आणि वारकऱ्यांच्या स्वागताच्या जाहिरातींनी पाने भरतात. या तरुणाकडे त्याच सुमारास एक बातमी होती. जिल्ह्यातील एका साखर कारखान्याने काही गावांतील शेतकऱ्यांचे उसाचे पैसे महिनोन्महिने थकवले होते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्याने शेतकऱ्यांच्या पावत्या पाहिल्या, बातमी लिहून पाठवली. पुरवणीनंतर बघू, असे उत्तर आले. पुरवणीत त्याच कारखान्याची पानभर जाहिरात होती, ती मिळवून देणारा वार्ताहर हाच होता, आणि तिचे कमिशनही यालाच मिळाले. बातमी आली नाही.

"फादर, बातमी दाबली ती वरच्यांनी," तो म्हणाला. "माझं नाव तर पेपरात कुठंच नाही. मग हे पाप माझ्या खात्यावर कसं?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पापाचा हिशेब मांडण्याची आमच्या नीतिशास्त्राची एक जुनी पद्धत आहे. सेमिनरीत आम्हांला ती शिकवली गेली तेव्हा ती फार वकिली वाटत असे. आता तिच्यातील शहाणपण ध्यानी येते. दुसऱ्याच्या दुष्कृत्यात मनुष्याचा सहभाग दोन प्रकारे होतो. एक, त्या कृत्याचा हेतूच त्याला मान्य असतो. दुसरा, हेतू मान्य नसताना केवळ त्याच्या हातून त्या कृत्याला साहाय्य घडते. पहिला कधीच क्षम्य नाही. दुसऱ्याचा दोष हा साहाय्य किती जवळचे, किती अपरिहार्य, आणि नकार दिल्यास साहाय्य करणाऱ्याची किती हानी होणार, यांवर ठरतो. या मापाने छापखान्यातला जुळारी, पहाटे जीपमधून गठ्ठे आणणारा चालक, सायकलवरून अंक टाकणारा मुलगा हे जवळजवळ निर्दोष सुटतात. वार्ताहर मध्येच कोठेतरी अडकतो. प्रकाशक सुटत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाला आणखी एका बाजूने हात घातला आहे. दुसऱ्याचे नुकसान झाले असेल तर भरपाई कोणी द्यावी, हे सांगताना ते नुकसानीला कारण होणाऱ्यांची एक यादी देतात: आज्ञा देणारा, सल्ला देणारा, संमती देणारा, स्तुती करून चढवणारा, आश्रय देणारा, लुटीत वाटा घेणारा, गप्प बसणारा, अडवू शकत असून न अडवणारा, आणि उघड न करणारा. एकूण नऊ. यांतील सर्वांवर सदैव सारखे बंधन नाही. परंतु भरपाईचा पहिला भार आज्ञा देणाऱ्यावर, त्यानंतर कृती करणाऱ्यावर, असा क्रम ते लावून देतात. तेराव्या शतकातील त्या भिक्षूने दैनिक पाहिले नव्हते. तरी या नवांपैकी प्रत्येकासाठी दैनिकाच्या कार्यालयात एक खुर्ची ठेवलेली आहे असे वाटावे!

यांतील 'गप्प बसणारा' विशेष विचार करण्याजोगा आहे. वाटेने जाणारा मनुष्य चोरी पाहून गप्प राहिला, तर तो भित्रा ठरेल. चोर ठरणार नाही. पण रात्रीच्या पहाऱ्याचे पैसे घेणारा रखवालदार गप्प राहिला, तर गोष्ट निराळी. बोलणे हेच ज्याचे काम आहे आणि त्या कामाचा मोबदला जो घेतो, त्याचे मौन ही केवळ उणीव नसते. ती घेतलेल्या पैशाची अफरातफर असते. वर्तमानपत्र वाचकाकडून सांगण्याचे पैसे घेते. त्याच बातमीबद्दल न सांगण्याचे पैसे दुसऱ्याकडून घेतले, तर एकाच वस्तूची दोनदा विक्री झाली. बाजारात असे करणाऱ्याला काय म्हणतात ते वेळापूरच्या आठवड्याच्या बाजारातील कोणतीही भाजीवाली सांगेल.

मी त्या तरुणाला सांगितले की नोकरी सोडण्याचे बंधन तुझ्यावर नाही; घरात दोन लेकरे आहेत. पण त्या जाहिरातीचे कमिशन आणि ती न आलेली बातमी यांचा संबंध तुला ठाऊक आहे, म्हणून तुझे नाव अंकात नसले तरी हिशेबात आहे. त्याने बातमी पुन्हा लिहिली, या वेळी पावत्यांच्या झेरॉक्ससह, आणि जिल्हा कार्यालयाऐवजी थेट त्या तळाच्या ओळीत ज्याचे नाव होते त्याच्या नावे रजिस्टर पोस्टाने पाठवली. अकरा दिवसांनी ती आतल्या पानावर आली. कारखान्याचे नाव गाळलेले होते. 'एका कारखान्याने' असा शब्दप्रयोग होता. गावात तर सर्वांनाच कळले. पण ज्यांनी वाचून कारवाई करायची त्या कचेरीला 'एक कारखाना' सापडणे कठीण.

नावाला इतके का भ्यावे? कारण नावाची किंमत पूर्वी फार मोठी होती, आणि ती ज्यांनी चुकवली त्यांचा इतिहास आपल्याकडे जिवंत आहे. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी प्रसिद्ध केली. पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरीही त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. या प्रसंगाचे स्मरण आपण देशभक्तीच्या अंगाने करतो. नीतीच्या अंगाने पाहिले, तर येथे बर्वे यांची खरोखरच हानी झाली होती, आणि प्रामाणिकपणे फसलेल्या मनुष्यालाही छापलेल्या खोट्याची भरपाई करावी लागते हे त्या दोघा तरुणांनी माफी मागून मान्य केले. मला त्या माफीचे मोल तुरुंगवासाहून कमी वाटत नाही.

१८९७च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या शेजारी आणखी एक आरोपी उभा होता. केशव महादेव बाळ हे त्याचे नाव, 'केसरी'चा मुद्रक. खटल्यातील मजकुरात शिवाजी उत्सवातील भाषणाचा वृत्तान्त होता, म्हणजे काही शब्द तर दुसऱ्याच्या तोंडचे. टिळकांना माफीचा मार्ग सुचवला गेला. त्यांनी तो नाकारला आणि दीड वर्षाची शिक्षा पत्करली. मुद्रक निर्दोष सुटला. या खटल्यासाठी कलकत्त्याहून निधी आला, बॅरिस्टर आले. 'अमृत बाजार पत्रिका'कार घोष बंधूंचा त्यात मोठा वाटा. हे तेच घोष बंधू, ज्यांनी १८७८ साली देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा येताच आपले बंगाली साप्ताहिक एका रात्रीत इंग्रजी करून टाकले. कायदा देशी भाषांपुरता होता. त्यांनी भाषाच बदलली! चातुर्य खरेच, परंतु जो शेतकरी फक्त बंगाली वाचत होता त्याचे पत्र त्या रात्री गेले, हेही नोंदवायला हवे.

बंगालचा विषय निघालाच आहे, तर १९०७च्या सप्टेंबरात कलकत्त्यात जे घडले तेथे मला थोडे थांबावेसे वाटते. माझ्या प्रश्नाची दोन उत्तरे त्या एका महिन्यात, एकाच न्यायाधीशापुढे, किंग्जफर्डच्या न्यायालयात, दिली गेली.

पहिला खटला 'वंदे मातरम्' या इंग्रजी पत्राचा. लेखणी अरविंद घोषांची आहे हे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्या काळच्या कायद्याला संपादकाचे नाव छापून हवे नव्हते. मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे पुरे होते. अरविंद हेच संपादक, हे सरकारने सिद्ध करायचे होते. बिपिनचंद्र पाल यांना साक्षीला बोलावले. त्यांनी साक्ष देण्यास नकार दिला आणि त्याबद्दल सहा महिने तुरुंगात गेले. संपादकत्व सिद्ध झाले नाही. अरविंद सुटले. शिक्षा झाली ती मुद्रकाला, अपूर्वकृष्ण बोस यांना, ज्यांनी तो मजकूर लिहिला नव्हता. अरविंदांना यात खोटे बोलावे लागले नाही. आरोपीने स्वतःविरुद्ध पुरावा द्यावा अशी सक्ती कोणताही न्याय करत नाही. अन्याय्य सत्तेपुढे मौन हे शस्त्र होऊ शकते, हेही मान्य. तरीदेखील तो खटला वाचताना मनात कोठेतरी खटकते. लेखक मोकळा आणि छापणारा आत, ही वाटणी शत्रूने केली हे खरे. पण मित्रांनी ती होऊ दिली.

दुसरा खटला 'संध्या' या बंगाली दैनिकाचा. त्याचे संपादक ब्रह्मबांधव उपाध्याय. मराठी ख्रिस्ती वाचकाला हे नाव जितके ठाऊक असायला हवे तितके नाही, हे आपले दुर्दैव. हुगळी जिल्ह्यात १८६१ साली भवानीचरण बंद्योपाध्याय म्हणून जन्मलेल्या या ब्राह्मणाने ब्राह्मसमाजातून प्रवास करत १८९१ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी कराचीत कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. भगवे वस्त्र आणि गळ्यात क्रूस अशा वेषात ते वावरत. १८९४ मध्ये कराचीतूनच त्यांनी 'सोफिया' हे मासिक सुरू केले, पवित्र त्रैक्याला सच्चिदानंद म्हणून वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले, आणि वेदान्ताच्या भाषेत ख्रिस्तमत मांडण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाला वरिष्ठांनी बंदी केली. त्यानंतरच्या काळात ते राजकारणात उतरले आणि १९०४ साली 'संध्या' काढले. पत्र रस्त्यावरच्या, हाटातल्या बंगालीत लिहिलेले असे. ग्रंथांतील संस्कृतप्रचुर बंगाली त्यांनी मुद्दाम दूर ठेवली. त्याची भाषा सदैव सभ्य असे असेही नाही. इंग्रजांविषयी त्यात जे लिहिले जाई त्यातील बरेचसे मी या पानावर छापू शकणार नाही आणि छापू नये असेही मला वाटते.

परंतु अटक झाल्यावर उपाध्यायांनी जे केले ते लक्षणीय आहे. पत्राच्या मुद्रकालाही आरोपी केले होते. उपाध्यायांनी न्यायालयापुढे निवेदन दिले: पत्राच्या व्यवस्थापनाची, प्रकाशनाची आणि ज्या लेखावरून खटला भरला त्याची सर्व जबाबदारी माझी, लेख मीच लिहिला. आणि स्वराज्याच्या ज्या ईश्वरनियुक्त कार्यात माझा अल्प वाटा आहे, त्याबद्दल परक्या सत्तेला जाब देण्यास मी बांधील नाही, म्हणून खटल्यात भाग घेणार नाही. या निवेदनाचे दुसरे वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत येते. मला पहिले अधिक थोर वाटते. दुसऱ्यात एक मनुष्य सत्तेला झुगारतो. पहिल्यात तो आपल्या शेजारी उभ्या असलेल्या लहान माणसाच्या अंगावरून ओझे उचलून आपल्या अंगावर घेतो. खटला संपण्यापूर्वीच त्यांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी कॅम्पबेल रुग्णालयात न्यावे लागले. धनुर्वात होऊन २७ ऑक्टोबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी प्रायश्चित्त घेतले होते, त्यांचा अंत्यविधी हिंदू पद्धतीने झाला, आणि ते अखेरीस ख्रिस्ती राहिले की नाही यावर अद्याप वाद चालतो. तो वाद येथे अप्रस्तुत आहे. 'जबाबदारी माझी' हे वाक्य कोणत्या पंथाचे, असा प्रश्न मला पडत नाही.

सोलापूरलाही असे दिवस आले. १९३०च्या मे महिन्यात शहरावरचा सरकारचा ताबा काही दिवस सुटला आणि १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात जे चौघे फासावर गेले, त्यांतील कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचे पत्र चालवत. त्यांच्यावरील आरोप पत्राविषयीचा नव्हता. पण चार हुतात्म्यांपैकी एक जण वर्तमानपत्र चालवणारा होता, हे चार पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणाऱ्या किती सोलापूरकरांना माहीत असेल?

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान होती. ज्याचे नाव, त्याचाच पैसा, त्याचीच लेखणी आणि त्याचीच मान. मालक, प्रकाशक आणि संपादक हे बहुधा एकच शरीर होते. स्वातंत्र्यानंतर हे शरीर हळूहळू वेगळे झाले, आणि त्यात केवळ कोणाचा दुष्टपणा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. यंत्रे महाग झाली, कागद महाग झाला, पगार द्यावे लागले. एका मनुष्याच्या घामावर दैनिक चालण्याचे दिवस संपले. प्रकाशक म्हणतो, 'माझ्यावर तीनशे कुटुंबे अवलंबून आहेत. जाहिरात नाकारली तर उद्या पत्र बंद, मग तुमची बातमी कोण छापणार?' हा युक्तिवाद फसवा नाही. मी त्याची थट्टा करणार नाही. आणीबाणीत 'आनंदबाजार पत्रिका' या बंगाली दैनिकातील गौरकिशोर घोष आणि बरुण सेनगुप्त हे दोघे पत्रकार तुरुंगात गेले. पत्र चालू राहिले. पत्र बंद पडले असते तर सुटल्यावर ते कोठे परतले असते? पुढे दोघांनीही नवी दैनिके उभी केली: गौरकिशोर १९८१ साली 'आजकाल'चे पहिले संपादक झाले, आणि बरुण सेनगुप्तांनी १९८४ साली 'बर्तमान' काढले. संस्था जगवणे हेही कर्तव्य आहे.

पण त्या युक्तिवादाला एक तळ असावा लागतो. पत्र जगले पाहिजे ते बातमी देण्यासाठी. बातमी विकून पत्र जगवले तर जगले ते काय? महाराष्ट्रात २००९च्या विधानसभा निवडणुकीत निरनिराळ्या दैनिकांत, निरनिराळ्या बातमीदारांच्या नावाखाली, शब्दशः एकच मजकूर छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केले. बातमीच्या वेषातील ती जाहिरात होती असा आरोप झाला. प्रेस कौन्सिलने दोघा सदस्यांची उपसमिती नेमली. तिने एकाहत्तर पानांचा अहवाल दिला, त्यात वृत्तपत्रांची नावे होती. कौन्सिलने २०१० साली जो अहवाल स्वीकारला तो संक्षिप्त होता. नावे त्यातून गळली होती. संपूर्ण अहवाल लोकांपुढे येण्यास माहिती आयोगाचा आदेश लागला. जे दुसऱ्यांची नावे छापून जगतात त्यांची नावे छापण्याची वेळ आली, तेव्हा 'एक कारखाना' हीच पद्धत उपयोगी पडली.

बंगालमध्ये तर याची पुढची पायरी दिसली. शारदा समूह ठेवी गोळा करत असे. त्याने वर्तमानपत्रे आणि वाहिन्या घेतल्या, 'सकालबेला' नावाचे बंगाली दैनिक काढले. येथे पत्र जगवण्यासाठी पैसा नव्हता. पैशाला अब्रू मिळावी म्हणून पत्र होते. ज्याचा पेपर निघतो तो बुडवणार नाही, असे खेड्यातील ठेवीदाराला वाटणे किती स्वाभाविक आहे! एप्रिल २०१३ मध्ये समूह कोसळला, मालकाला काश्मीरमध्ये अटक झाली, दैनिक बंद पडले, आणि बातमीदारांपासून शिपायांपर्यंत सारे रस्त्यावर आले. त्यांतील कित्येकांनी प्रामाणिकपणे पत्रकारिता केली असेल. त्यांच्या प्रत्येक खऱ्या बातमीने त्या योजनेची पत वाढवली. सत्य बोलणाऱ्याच्या तोंडून असत्याचे काम घडावे, याहून विचित्र सहभाग आमच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांतही मी वाचलेला नाही.

म्हणून मला वाटते की जबाबदारी वाटून घेता येत नाही. भांडवलाचे तुकडे होतात, कामाचे तुकडे होतात. पण केलेल्या हानीचे तुकडे होत नाहीत. ज्या शेतकऱ्याच्या उसाचे पैसे थकले त्याची बातमी शंभर हातांनी मिळून दाबली, म्हणून त्याच्यावरचा अन्याय शंभरावा भाग होत नाही. नीतिशास्त्राने भरपाईविषयी सांगितले आहे तेही हेच: मिळून केलेल्या हानीत प्रत्येक जण प्रसंगी संपूर्ण हानीला बांधील असतो, आणि पहिला बांधील तो, ज्याने आज्ञा दिली. तळाच्या ओळीत कधी त्याचे नाव असते. कधी तेथे एखादा पगारी मनुष्य सही करून मोकळा झालेला असतो, आणि आज्ञा देणारा मार्च महिन्यातील चौकटीत, एखाद्या कंपनीच्या नावामागे बसलेला असतो.

राहता राहिला वाचक. तो या यादीतून सर्वस्वी सुटतो असे मला म्हणता येत नाही. अंक छापण्यास जो खर्च येतो त्याचा थोडाच भाग आपण देतो. उरलेला जाहिरातदार देतो. ज्याने अधिक दिले तो अधिक ऐकवणार, हे जगाच्या रीतीला धरूनच आहे. १९५६ साली पाने आणि किंमत यांची सांगड घालणारा कायदा झाला. मोठ्या पत्रांनी स्वस्तात अधिक पाने देऊन लहान पत्रांना गिळू नये, हा त्याचा हेतू. १९६०च्या आदेशाने तो अमलात येऊ लागताच पुण्याचा 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारने कोणाची पाने किती हे ठरवू नये, असा निर्णय १९६१ साली न्यायालयाने दिला आणि कायदा रद्द झाला. निर्णय योग्यच होता असे मी मानतो, जरी लहान पत्रांची भीती खोटी नव्हती हे नंतरच्या साठ वर्षांनी दाखवले. त्या प्रकरणात 'सकाळ'बरोबर दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते. आपल्या पत्राची पाने कमी होणार, म्हणून दोन सामान्य माणसे दिल्लीपर्यंत गेली.

आज पाने भरपूर आहेत. आमच्या वाचनालयात तीन दैनिके येतात; सोलापूरची बातमी जिल्ह्याच्या पानावर, वेळापूरची त्याहून आतल्या कोपऱ्यात. मंडळी बातमी खोटी असल्याची तक्रार करतात, ती चहाच्या टपरीवर किंवा माझ्याकडे. फार झाले तर कोणी संपादकांच्या नावे चार ओळी लिहितो. प्रकाशकाच्या नावे पत्र गेल्याचे मला आजवर एकच उदाहरण माहीत आहे. ते वर सांगितले. त्याची पोचपावती त्या तरुणाने जपून ठेवली आहे. सही मात्र अस्पष्ट आहे. कोणी घेतले ते वाचता येत नाही.